सहावीचा पट आणि माझं झेरॉक्सचं दुकान

गावाचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही, गुरुजींची अजून चार वर्षं नोकरी आहे. बेळगावच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेचं गाव, शाळा सरकारी मराठी, पहिली ते सातवी, एवढं सांगितलं तरी आमच्या भागातल्या माणसाला कळेलच.

मेन रोडला माझं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, पॅन कार्ड, आधारचं अपडेट, ऑनलाइन फॉर्म, सगळं करतो. 2023 च्या मे महिन्यात गुरुजींचा फोन आला, "मालक, जरा शाळेकडं येऊन जाता काय?" मला वाटलं प्रिंटरचं काहीतरी असणार. गेलो तर ऑफिसात गुरुजी आणि बाई दोघंच, टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडं. म्हणाले सहावी-सातवी मिळून तेरा पोरं हैत, यंदा हेच्चुवरीच्या यादीत आमचा एक शिक्षक जाणार असं दिसतंय. हेच्चुवरी म्हणजे जादा शिक्षक, हा शब्द कन्नडच, खरं आमच्याकडं मराठी मास्तर बी तोच वापरतात. पट कमी झाला की शिक्षक जादा ठरतो आणि दुसरीकडं जातो, शिक्षक गेला की उरलेले पालक म्हणतात मास्तरच नाहीत तर पोरगं तिथं ठेवून काय करू, आणि पट अजून कमी होतो. आरटीईत पहिली ते पाचवीला 30 ला एक आणि सहावी ते आठवीला 35 ला एक शिक्षक म्हटलंय, वरच्या वर्गाला गणित-विज्ञान, समाज आणि भाषा असे तिन्हीचे शिक्षक पाहिजेत असंही म्हटलंय, कागदावर ते बरोबर आहे, खरं तेरा पोरांना तीन शिक्षक कोण देणार.

गुरुजींनी मला का बोलावलं? तर गावात कुणाच्या घरात काय चाललंय ते दुकानामुळं मला माहीत असतं. दाखल्याच्या मोहिमेला माझ्यासंगं घरोघरी फिरा म्हणाले. मी हो म्हटलं. हो म्हणताना एक गोष्ट डोक्यात आलीच नाही, ती पुढं पहिल्याच दारात आली.

तीन दिवस संध्याकाळी फिरलो. मी, बाई आणि अंगणवाडीच्या ताई. धूळवाफ पेरणीचे दिवस, माणसं दिवसभर शेतात, सहानंतरच सापडायची, आणि वळीव येऊन लाईट गेलेली, त्यामुळं अर्ध्या घरांत मोबाईलच्या बॅटरीवर पोरांच्या नावांची वही लिहिली. पहिल्याच घरात मी सुरू केलं की सरकारी शाळेत पुस्तकं फुकट, युनिफॉर्म फुकट, दूध आहे, बिसीऊट म्हणजे दुपारचं गरम जेवण आहे, त्या घरातली म्हातारी आज्जी ऐकून घेत होती, मग म्हणाली, "ते सगळं असूंदे रे बाबा. तुझी पोरगी कुठं शिकालीया?"

माझी पोरगी व्हॅननं जात होती. इंग्लिश मीडियमला. धाकट्याला पण मी तिथंच घातलेलं.

बाई खाली बघत होत्या. ताई तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी काहीतरी बोललो, काय बोललो ते आता आठवत नाही, शिकवण्याचा प्रश्न नाही, सोय, व्हॅन दारात येते, असलंच काहीतरी. आज्जी म्हणाली आमच्या बी दारात येतीया की.

आमच्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम असतं, बायका डोक्यावर कळशी घेऊन पुढं असतात. मी जातो, दिंडीत टाळ वाजवलेला फोटो माझ्या स्टेटसला असतो. 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला पण गेलोय, 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांना फुलं वाहिलीत. आणि तोच 1 जून इथं शाळा नव्यानं सुरू व्हायचा सुमार असतो, तेव्हा मी पोरीच्या इंग्लिश शाळेची फी भरायच्या लाईनीत. हे दोन्ही एकाच आठवड्यात करताना मला कधी काही वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं, आज्जीनं विचारेपर्यंत.

असो. वही पुरी केली. गावात सहावी-सातवीच्या वयाची पोरं निघाली एकतीस. तेरा गावच्या शाळेत. नऊ व्हॅननं इंग्लिशला. दोन आईबापासंगं गोव्यात. एक पोरगी घरातच, धाकट्या भावाला सांभाळायला, तिच्या आईला आम्ही दोनदा भेटलो, ती म्हणाली तुम्ही भाताची रोपं लावायला या, मी पोरगीला पाठवते. उरली सहा. ती कुठं गेली म्हणून बघितलं तर कोण आदर्श विद्यालयात, कोण मोरारजी देसाई वसती शाळेत, एक जण कोथळीच्या नवोदयला. म्हणजे परीक्षा देऊन सहावीला गेलेली.

आता हे वाचणाऱ्यातल्या बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पाचवी झाली की हुशार पोराला चार-पाच दारं उघडी असतात. नवोदय आहे, जिल्ह्याचं कोथळीला, चिकोडी भागात. मोरारजी आणि कित्तूर राणी चन्नम्माच्या वसती शाळा, म्हणजे तिथंच राहून शिकायच्या शाळा, आहेत. आदर्श विद्यालय आहे, ते सरकारीच, इंग्लिश मीडियम. सगळ्यांची एंट्रन्स पाचवीत आणि प्रवेश सहावीला. ही काय वाईट गोष्ट नाही, गरिबाच्या पोराला राहणं-जेवण-पुस्तकं मिळतात, आमच्या गावचं एक पोरगं नवोदयातून बाहेर पडून इंजिनियर झालंय. खरं गावच्या शाळेच्या बाजूनं बघा. पाचवीपर्यंत ज्या पोराला शिकवलं, ज्याच्यावर बाईंनी संध्याकाळी जादा तास घेतला, ते पहिल्या नंबरचं पोरगं सहावीला उठून जातं. मागं राहतात ती ज्यांना नंबर लागला नाही ती, आणि ज्यांनी परीक्षाच दिली नाही ती. आणि मग गाव म्हणतं वरच्या वर्गांची क्वालिटी घसरली.

आणि हे जादा तास कोण घेतं? आमचेच गुरुजी. गेल्या किती वर्षांपासून नवोदयाचा क्लास घेतात, फुकट, शाळा सुटल्यावर, दोन तासांचा पेपर, 80 प्रश्न, त्यातले 40 नुसते आकृत्यांचे, त्या ते फळ्यावर काढून दाखवतात. एक पोरगं पास झालं की शाळेच्या दारात फ्लेक्स लागतो, त्यावर गुरुजींचा फोटो. तो फ्लेक्स माझ्याकडंच छापून आणायला सांगतात.

आणि फॉर्म? फॉर्म माझ्या दुकानात भरले जातात. वही घेऊन घरी आलो त्या रात्री दुकानाचा कॉम्प्युटर उघडला, डाउनलोडचं फोल्डर बघितलं, त्या सहाच्या सहा पोरांचे फॉर्म तिथं होते. फोटो, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. फॉर्मला 50 रुपये घेतो मी. हसावं की काय करावं कळेना. ज्याला शाळेनं पट वाढवायला फिरायला सांगितलं त्याच्याच गल्ल्यात पट कमी केल्याचे पैसे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता फॉर्म भरायचे बंद करणार काय?" बंद कसे करणार. पोरांचं कल्याण होतंय.

शाळा खरंच कमी पडतेय काय, हे बघायचं ठरलं. इथं बाईंनी सुचवलं की असरसारखं करूया. असर म्हणजे तो देशभरातल्या खेड्यांत होणारा सर्व्हे, पोराला एकट्याला बसवायचं, दुसरीच्या लेव्हलचा एक उतारा वाचायला द्यायचा आणि तीन अंकी संख्येला एक अंकानं भागायला सांगायचं, बस. त्या सर्व्हेत 2018 ला देशात पाचवीतल्या 50.5 टक्के पोरांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, कोरोनानंतर 2022 ला तो आकडा 42.8 वर आला. आमची 2023 ची सहावी म्हणजे कोरोनात तिसरीत असलेली पोरं. तिसरीत तर बेरीज-वजाबाकी पक्की होते, वाचन मोकळं होतं, आणि ते वर्ष गेलं घरात. विद्यागम म्हणून मास्तर गावात येऊन देवळाच्या कट्ट्यावर शिकवत होते, ते पण मध्येच बंद पडलं. ऑनलाइन म्हणाल तर आमच्याकडं रेंजसाठी टेकडीवर जावं लागायचं.

तेरा पोरांना देवळाच्या मागच्या खोलीत एकेक करून बसवलं. शाळेत नाही बसवलं, तिथं पोरं घाबरतात. नऊ जणांनी उतारा सरळ वाचला. तिघांनी अक्षर-अक्षर जोडत वाचला, एक पोरगं वाचतच नव्हतं, त्याला उतारा पाठ होता! म्हणजे पहिल्याला मी वाचायला दिलेला तो दाराबाहेरून ऐकत होता आणि आत येऊन कागदाकडं बघत धडाधडा म्हणाला, कागद उलटा होता. भागाकार चौघांनीच केला. बाकीच्यांची गाडी वजाबाकीच्या हातच्यावर अडकत होती, 2 तून 7 जात नाहीत म्हणून 7 तून 2 काढत होते.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं गणित कोण शिकवतं, तर गणिताची पोस्टच रिकामी. 2022 ला राज्यात सहावी ते आठवीच्या 15,000 शिक्षकांची भरती निघाली होती, खरं आमच्या मराठी शाळेच्या वाट्याला त्यातलं कोण आलं नव्हतं. गणित गुरुजीच घेतात, आणि गुरुजी हेडमास्तर, म्हणजे सॅट्सवर, सरकारच्या पोरांच्या ऑनलाइन नोंदीत, माहिती भरणं, बिसीऊटचा हिशोब, अंडी किती केळी किती, मीटिंगला जाणं, सगळं त्यांच्याच डोक्यावर. आणि सर्क्युलर येतात ती सगळी कन्नडमधून, त्याचा अर्थ लावण्यात अर्धा दिवस.

घरी येऊन मी गुपचूप माझ्या पोरीला तोच भागाकार दिला. तिनं बरोबर केला. मनात म्हटलं बघ, फी वाया गेली नाही. मग तोंडी विचारलं, 145 नारळ पाच देवळांना सारखे वाटायचे, एका देवळाला किती? ती गप्प. इंग्लिशमधून विचार म्हणाली. इंग्लिशमधून विचारलं तर म्हणाली मल्टिप्लाय करायचं काय? म्हणजे भागाकार येत होता खरं भागाकार म्हणजे वाटणी हे कुणी सांगितलंच नव्हतं. इंग्लिशचा धडा खडाखडा वाचते आणि त्यात कोण कुणाला काय म्हणालं ते विचारलं की पुस्तक चाळते. आमच्या वेळी सातवीला पब्लिक परीक्षा असायची, तिथं कोण किती पाण्यात ते कळायचं, आता कळतच नाही, दहावीला एसएसएलसीत कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

तिला काढायचं ठरवलं. हे एका ओळीत लिहिलं खरं घरात पंधरा दिवस लागले. बायको म्हणाली तुमच्या समाजकार्यात माझ्या पोरांना घालू नका. मेव्हणीचा फोन आला, धंदा बसलाय काय म्हणून विचारलं. आई मात्र खूश, तिला वाटलं आता नातवंडं दुपारी जेवायला घरी येतील, त्यांना शाळेतच जेवण मिळतं हे कळल्यावर तीही रुसली. पोरगी स्वतः काहीच बोलली नाही, नुसतं एवढंच विचारलं की तिथल्या संडासाला कडी आहे काय. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. नव्हती. सुताराकडून बसवून घेतली, 180 रुपये. शाळेसाठी मी केलेलं पहिलं काम हे.

टीसीसाठी तीन हेलपाटे झाले. शाळा म्हणे मागच्या वर्षीची बाकी आहे, ती भरा. भरली. मग म्हणे टीसी दिला तरी सॅट्सवरून नाव सोडायला लॉगिन असणारा क्लार्क रजेवर आहे. आता हे सॅट्स काय प्रकरण आहे मला चांगलं माहीत, प्रत्येक पोराचा एक नंबर असतो, जुन्या शाळेनं सोडल्याशिवाय नव्या शाळेत चढत नाही, आणि चढल्याशिवाय पटावर धरत नाहीत. म्हणजे पोरगी वर्गात बसलीय, जेवतेय, प्रार्थना म्हणतेय, खरं सरकारच्या हिशोबी ती अजून व्हॅनमध्येच. धाकट्याचं त्याच दिवशी झालं, पोरीचं नाव चढायला जुलै उजाडला. पावसाच्या सुट्ट्या पडल्या त्या वेगळ्याच, आमच्या बाजूला ओढ्याला पाणी आलं की वस्तीवरची पोरं येऊच शकत नाहीत.

मग एसडीएमसी, म्हणजे शाळेची पालकांची कमिटी. आपलं पोर शाळेत असल्याशिवाय कमिटीवर येता येत नाही, आता दोन पोरं होती, पालक सभेत नाव पुढं आलं आणि मी अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय तर सह्या आणि हेलपाटे. शिक्षक गेलाच होता, हेच्चुवरीत गेलाच, आता निदान गणिताला अतिथी शिक्षक मिळावा म्हणून तालुक्याच्या ऑफिसात गेलो. अर्ज मराठीत नेला तर कन्नडमध्ये आणा म्हणाले. दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये नेला, माझं कन्नड दुकानापुरतं, आमच्या थोरलीनं नव्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून शुद्धलेखन तपासून आणलं. मग "नाळी बर्री", म्हणजे उद्या या. परत गेलो, साहेब मीटिंगला. परत गेलो, लिस्ट वरून यायचीय. एक क्लार्क बरा होता, त्यानं बाजूला घेऊन सांगितलं की नुसतं शिक्षक पाहिजे असं लिहू नका, मंजूर पोस्ट किती, भरलेली किती, रिकामी किती आणि कधीपासून, हे लिहा, पट सॅट्सवरचाच लिहा, एसडीएमसीचा ठराव जोडा. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर पेट्रोल वाचलं असतं. ज्यांना करायचंय त्यांनी हे लिहून ठेवा.

ऑगस्टात मिळाली एक पोरगी, बीएस्सी बीएड, शेजारच्याच गावची. महिन्याला 10,000, ते पण महिन्याला कुठलं, दोन-तीन महिन्यांनी एकदम. स्कूटीच्या पेट्रोलला तिनं माझ्याकडून दोनदा उसने नेले. खरं शिकवली मात्र. हातच्याची वजाबाकी तिनं दहाच्या चिल्लरनं शिकवली, पोरांकडून दुकान मांडून घेतलं, माझ्याकडून जुने रिचार्जचे कूपन नेले नोटा म्हणून. दिवाळीनंतर परत तेच बसवून बघितलं तर भागाकार नऊ जणांनी केला. कागद उलटा धरणारं पोरगं आता सावकाश खरं स्वतः वाचतं.

पट एकदम वाढला असं काय नाही झालं. पुढच्या वर्षी व्हॅनमधली दोन पोरं आली, त्यातलं एक फी परवडेना म्हणून आलं, माझ्या भाषणानं नाही. त्या आज्जीचा नातू आला. ती दुकानात येऊन म्हणाली, तुझी आली म्हणून पाठवला, काय झालं तर तुला बघून घेते. पालकांना सगळ्यात जास्त काय पटतं म्हणाल तर अंडी-दूध नाही, कन्नडच्या बाई. आमच्या लोकांना पोरांचं मराठी सुटायला नको आहे आणि कन्नड आल्याशिवाय इथं कंडक्टरसुद्धा होता येत नाही हे पण माहीत आहे, दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, मराठी माध्यम नाही हे पण माहीत आहे. तेव्हा तिन्ही भाषा नीट शिकवणारी शाळा दिसली तर ते थांबतात. संमेलनातल्या ठरावांत हे मी कधी ऐकलं नाही, बहुतेक ऐकू आलं तरी टाळ वाजवत असेन.

आता 2025 चा जुलै. धाकटा पाचवीत आहे. परवा शाळा सुटल्यावर गुरुजी स्वतः दुकानात आले, छत्री बाहेर टेकवली आणि काउंटरवर बसले. म्हणाले, "मालक, धाकट्याचा नवोदयाचा फॉर्म भरा. आकृत्यांत लई चांगला हाय. तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही गावच्याच शाळेत झाली, रूरलमध्ये बसतंय बघा." रूरलला निदान 75 टक्के जागा असतात, हे मीच शंभर जणांना सांगितलंय.

मी म्हटलं गुरुजी, पुढच्या वर्षी सहावीत किती हैत?

"आठ."

म्हणजे हा गेला तर सात. दोघंही थोडा वेळ पाऊस बघत बसलो. मी म्हटलं अध्यक्षाचंच पोरगं गेलं तर परत कुणाच्या दारात कसं जायचं. गुरुजी म्हणाले, "आणि अध्यक्षाचं पोरगं हुशार असून पाठवलं नाही तर ते बी बरोबर न्हवं." पोरगं मागं खुर्चीवर बसून पाय हलवत होतं, त्याला विचारलं जायचं काय, तर म्हणालं तिथं क्रिकेटचं ग्राऊंड केवढं आहे.

गुरुजींनी सर्टिफिकेटवर सही केली, शिक्का पिशवीतूनच आणला होता, पॅड वाळलेलं म्हणून पावसाच्या पाण्याचा एक थेंब टाकला. मी पालकाच्या जागी सही केली. पोराची सही घेतली, त्यानं मराठीत केली, आडनावातला एक काना राहिला म्हणून परत घेतली. सही 10 ते 100 केबीत बसेना, दोनदा स्कॅन केलं. गुरुजींनी सवयीनं खिशातून 50 ची नोट काढली, मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी परत ठेवली. मग सबमिट दाबलं. रेंज गेली होती, फिरत राहिलं बराच वेळ, सात वाजता गेलं.